व्हायॉक्स प्रकरण: कॉक्स-२ बंद केल्यावर रक्तवाहिनीत काय घडले

३० सप्टेंबर २००४ रोजी अमेरिकेतल्या मर्क कंपनीने ‘व्हायॉक्स’ हे आपले वेदनाशामक औषध जगभरातून मागे घेतले. औषधाचे मूळ नाव रोफेकॉक्सिब. तोवर आठ कोटींहून जास्त लोकांनी ते घेतले होते आणि आदल्या वर्षी त्याची विक्री अडीच अब्ज डॉलरच्या घरात होती. गोळीत भेसळ नव्हती, उत्पादनात खोट नव्हती. ज्या विकरासाठी (एन्झाइमसाठी) ती घडवली होती त्याच विकरावर ती अगदी चोख काम करत होती. रुग्णांना हृदयविकाराचे झटके आले ते या चोख कामामुळेच.

म्हणून वेदनाशामके शरीरात काय करतात हे कुणाला नीट समजून घ्यायचे असेल, तर मी आधी हे प्रकरण वाचायला सांगेन. यात कंपनीचा लोभ आहे, खटले आहेत, नियामकांची ढिलाई आहे, आणि त्यावर भरपूर लिहिले गेले आहे. मला महत्त्वाचे वाटते ते त्याखालचे रसायन. औषध बाजारात आले त्याच वर्षी या धोक्याची कारणमीमांसा शोधनिबंधांत छापून आली होती. ती समजायला फार मोठी विद्या लागत नव्हती.

दुखण्याची गोळी काय बंद करते

पेशीभोवतीच्या आवरणात अराकिडोनिक आम्ल नावाचे एक मेदाम्ल साठवलेले असते. पेशीला इजा झाली किंवा तसा संदेश आला की ते सुटे होते. मग सायक्लोऑक्सिजनेज, म्हणजे थोडक्यात कॉक्स, हे विकर त्याच्यावर ऑक्सिजनचे रेणू चढवते आणि त्यातून प्रोस्टाग्लँडिन एच-२ तयार होते. इथवरची वाट सगळ्या पेशींत सारखीच. पुढे काय बनणार हे त्या पेशीत दुसरे कोणते विकर आहे यावर ठरते. सुजलेल्या जागी मुख्यतः प्रोस्टाग्लँडिन ई-२ बनते. रक्तातल्या प्लेटलेटमध्ये थ्रॉम्बॉक्सेन बनते. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात प्रोस्टासायक्लिन बनते. तिघांचा जन्म एकाच विकरातून, पण कामे वेगवेगळी.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये काम करणाऱ्या जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले, की ॲस्पिरिन आणि त्याच्या जातीची औषधे प्रोस्टाग्लँडिनचे उत्पादन थांबवतात. ॲस्पिरिनची गोळी तोवर सत्तरएक वर्षे विकली जात होती, पण ती कशामुळे लागू पडते ते कुणाला ठाऊक नव्हते. १९८२ चे नोबेल पारितोषिक व्हेन, सुने बर्गस्ट्रॉम आणि बेंग्ट सॅम्युएलसन यांना विभागून मिळाले ते याच क्षेत्रातल्या कामासाठी.

प्रोस्टाग्लँडिन ई-२ स्वतः फारसे दुखवत नाही. ते मज्जातंतूंच्या टोकांना हळवे करते, म्हणून सुजलेल्या गुडघ्याला नुसता हात लागला तरी कळ येते. विकर बंद केले की हा हळवेपणा उतरतो. तापाचेही तसेच. जंतुसंसर्ग झाला की पांढऱ्या पेशी काही प्रथिने रक्तात सोडतात. त्यांच्यामुळे मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात कॉक्स-२ हे विकर नव्याने तयार होऊ लागते, त्यातून प्रोस्टाग्लँडिन ई-२ बनते आणि हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातली तापमानाची ठरलेली पातळी वर सरकते. आपल्याला थंडी वाजते, कुडकुडायला होते आणि अंग तापते. गोळीने विकर थांबले की पातळी खाली येते आणि घाम सुटतो. म्हणूनच ताप नसलेल्या माणसाने ही गोळी घेतली तरी त्याचे अंग गार पडत नाही. उतरवायला वर चढलेली पातळीच नसते.

आता पोट. जठराच्या आतल्या अस्तरावर चिकट थर धरून ठेवणे, आम्ल मारणारे बायकार्बोनेट स्रवणे, तिथला रक्तपुरवठा टिकवणे ही कामे प्रोस्टाग्लँडिनच करतात. गोळीला गुडघा आणि जठर यांतला फरक कळत नाही. संधिवाताचे रुग्ण वर्षानुवर्षे या गोळ्या घेत आणि त्यातल्या काहींना अल्सर होऊन रक्तस्राव होई. १९९९ मधल्या एका प्रसिद्ध अंदाजानुसार एकट्या अमेरिकेत संधिवाताचे सुमारे १६,५०० रुग्ण दरवर्षी अशा गुंतागुंतीने दगावत. हा आकडा फुगवलेला असल्याची टीका पुढे झाली, पण प्रश्न खरा होता. ‘व्हायॉक्स’ निघाले ते याच खऱ्या प्रश्नावरचे उत्तर म्हणून, हे विसरून या प्रकरणाकडे पाहणे अन्यायाचे होईल.

एका अमिनो आम्लाचा फरक

१९९१ मध्ये कळले, की कॉक्स एक नसून दोन आहेत. डॅनिएल सिमन्स आणि हार्वे हर्शमन यांच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे दुसऱ्या विकराचे जनुक ओळखले. कॉक्स-१ बहुतेक पेशींत कायम हजर असते, जठरातही आणि प्लेटलेटमध्येही. कॉक्स-२ एरवी फारसे दिसत नाही, पण सूज आली की झपाट्याने वाढते. यातून एक सोपी मांडणी रुजली: कॉक्स-१ घर सांभाळते, कॉक्स-२ दुखणे आणते. मग फक्त दुसरे बंद केले, की दुखणे जाईल आणि पोट शाबूत राहील.

रसायनशास्त्रज्ञांनी हे करून दाखवले, आणि ज्या कौशल्याने केले त्याचे मला आजही अप्रूप वाटते. दोन्ही विकरे घडणीने जवळजवळ सारखी. अराकिडोनिक आम्ल आत शिरते ती लांबट पोकळीही सारखीच. पण पोकळीच्या कडेला ५२३ व्या जागी कॉक्स-१ मध्ये आयसोल्यूसिन हे अमिनो आम्ल आहे आणि कॉक्स-२ मध्ये व्हॅलिन. व्हॅलिनमध्ये एक कार्बन आणि दोन हायड्रोजन कमी. एवढ्याशा फरकाने कॉक्स-२ मध्ये बाजूला एक छोटा कप्पा उघडतो, कॉक्स-१ मध्ये तो बंद राहतो. रोफेकॉक्सिबच्या रेणूवर सल्फोनचा जो गट जोडला आहे तो नेमका या कप्प्यात बसतो. कॉक्स-१ मध्ये त्याला जागाच नाही.

हा निवडकपणा मोजता येतो. माणसाच्या रक्तावर केलेल्या २००१ मधल्या एका तुलनेत रोफेकॉक्सिबचे गुणोत्तर, म्हणजे कॉक्स-१ रोखायला कॉक्स-२ च्या किती पट औषध लागते तो आकडा, ३५ निघाले. त्याच धाटणीच्या सेलेकॉक्सिबचे ७.६, जुन्या डायक्लोफिनॅकचे ३. आकडा जितका मोठा, तितके औषध कॉक्स-१ ला कमी हात लावते. हे आकडे लक्षात ठेवावेत, शेवटी पुन्हा लागतील.

सेलेकॉक्सिबला अमेरिकेत डिसेंबर १९९८ मध्ये परवानगी मिळाली, रोफेकॉक्सिबला मे १९९९ मध्ये.

लघवीतला पुरावा

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गॅरेट फिट्झजेराल्ड आणि त्यांचे सहकारी निरोगी माणसांना ही नवी औषधे देऊन त्यांची लघवी तपासत होते. प्रोस्टासायक्लिन आणि थ्रॉम्बॉक्सेन शरीरात फार थोडा वेळ टिकतात, पण त्यांचे अवशेष लघवीतून बाहेर पडतात आणि त्यावरून किती तयार झाले याचा अंदाज येतो. निकाल अनपेक्षित होता. थ्रॉम्बॉक्सेन जसेच्या तसे, प्रोस्टासायक्लिन मात्र ठळकपणे घटलेले. हे काम १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

अनपेक्षित अशासाठी, की रक्तवाहिनीच्या अस्तरातले प्रोस्टासायक्लिन कॉक्स-१ बनवते असे सगळे धरून चालले होते. अस्तराच्या पेशी प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवल्या की त्यांत कॉक्स-१ च दिसे. पण बशीत रक्त वाहत नाही. जिवंत रक्तवाहिनीत वाहत्या रक्ताचे घर्षण अस्तराला सतत लागत असते आणि त्या घर्षणाने पेशी कॉक्स-२ तयार करतात. फिट्झजेराल्ड यांच्या गटाने हेच स्पष्टीकरण पुढे ठेवले. याचा अर्थ कॉक्स-२ सुजेपुरते येणारे पाहुणे नव्हते. निरोगी माणसाच्या धमन्यांत ते रोज कामावर होते. मूत्रपिंडातही ते मुळापासून असते, तिथे रक्तप्रवाह आणि मिठाचे उत्सर्जन सांभाळते. ते थांबले की अंगात मीठ-पाणी साचते आणि रक्तदाब वाढतो.

प्रोस्टासायक्लिन रक्तवाहिनी सैल ठेवते आणि प्लेटलेटना एकमेकींना चिकटू देत नाही. थ्रॉम्बॉक्सेन रक्तवाहिनी आवळते आणि प्लेटलेट चिकटवते. दोन्ही हवीत: थ्रॉम्बॉक्सेन नसेल तर जखमेतून रक्त वाहत राहील, प्रोस्टासायक्लिन नसेल तर भलत्या जागी गुठळी होईल. औताला जुंपलेल्या जोडीतला एकच बैल सोडावा आणि औत वाकडे ओढले जावे, तसे रोफेकॉक्सिबने केले. प्लेटलेटमध्ये फक्त कॉक्स-१ असते, म्हणून थ्रॉम्बॉक्सेनला धक्का लागला नाही. अस्तरातले कॉक्स-२ मात्र बंद झाले.

ॲस्पिरिनचे याच्या बरोबर उलटे आहे. ते कॉक्समधल्या सेरिन या अमिनो आम्लाला कायमचा ॲसिटिल गट चिकटवते, विकर पुन्हा सुरू होत नाही. इतर पेशी नवे विकर बनवून घेतात, पण प्लेटलेटला केंद्रक नाही, तिला नवे काही बनवता येत नाही. सात ते दहा दिवसांच्या आपल्या उरलेल्या आयुष्यात ती थ्रॉम्बॉक्सेनविना राहते. म्हणून ७५ मिलिग्रॅमची छोटी गोळी हृदयरुग्णाला तारते. विकरांचे कुटुंब एकच, तरी एक औषध झटका टाळते आणि दुसरे आणते, ते एवढ्याने.

निरोगी तरुणाच्या शरीरात गुठळी रोखणारे इतरही उपाय असतात, प्रोस्टासायक्लिन घटले तरी निभावते. पण ज्याच्या धमन्यांत आधीच चरबीचे थर आहेत, मधुमेह आहे, रक्तदाब आहे, त्याचे काय? संधिवाताची गोळी घेणारा माणूस बहुधा याच वयाचा आणि याच प्रकृतीचा असतो.

व्हिगर चाचणी

रोफेकॉक्सिब पोटाला खरेच सौम्य आहे का, हे सिद्ध करण्यासाठी मर्कने ‘व्हिगर’ नावाची चाचणी केली. संधिवाताचे ८,०७६ रुग्ण. निम्म्यांना रोज ५० मिलिग्रॅम रोफेकॉक्सिब, निम्म्यांना नॅप्रॉक्सेन हे जुने वेदनाशामक ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. ज्यांना हृदयासाठी ॲस्पिरिन चालू होते त्यांना घेतले नव्हते. निकाल नोव्हेंबर २००० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. पोटाच्या गुंतागुंती निम्म्याहून कमी झाल्या होत्या. औषधाने आपला शब्द पाळला होता.

पण हृदयविकाराचे झटके रोफेकॉक्सिबच्या गटात जास्त होते. लेखात १७ विरुद्ध ४ असा हिशेब धरला होता. खरा आकडा २० विरुद्ध ४ होता. पोटाच्या घटना मोजण्याची मुदत संपण्याच्या सुमारे महिनाभर आधीच हृदयाच्या घटनांची मुदत संपवली होती आणि उरलेले तीन झटके त्या फटीत राहून गेले. लेखकांचे म्हणणे असे, की मुदती आधीच ठरल्या होत्या. एकाच चाचणीत फायद्याची मोजणी जास्त दिवस आणि तोट्याची कमी दिवस, ही रचना मला कोणत्याही खुलाशाने पटत नाही. झटका आलेले ते तिघे रुग्ण ‘कमी धोक्याच्या’, म्हणजे ॲस्पिरिनची गरज नसलेल्या, गटातले होते. त्यांना धरले असते तर जास्तीचे झटके फक्त ॲस्पिरिनची गरज असलेल्या मूठभर रुग्णांत आहेत, हे लेखातले विधान टिकले नसते. डिसेंबर २००५ मध्ये त्याच नियतकालिकाने या निबंधाबद्दल जाहीर चिंता छापली.

कंपनीने खुलासा दिला तो असा: रोफेकॉक्सिब झटके आणत नाही, नॅप्रॉक्सेन ॲस्पिरिनसारखे हृदयाचे रक्षण करते, म्हणून त्या गटात ते कमी दिसले. हा खुलासा अगदीच पोकळ नव्हता. दिवसातून दोनदा घेतलेले नॅप्रॉक्सेन प्लेटलेटमधले कॉक्स-१ जवळजवळ दिवसभर दाबून ठेवते. पण गणित करून पाहावे. वीसवरून चारवर यायचे तर नॅप्रॉक्सेनने पाचपैकी चार झटके रोखायला हवेत. प्लेटलेट कायमची बंद करणारे ॲस्पिरिनदेखील धोक्यातल्या रुग्णांत झटक्यांचे प्रमाण साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश कमी करते. ज्याची पकड सुटणारी आहे त्या औषधाने ॲस्पिरिनच्या दुपटीहून जास्त रक्षण कसे करावे? हा प्रश्न विचारायला नवी चाचणी नको होती. कागद-पेन्सिल पुरे होते, आणि शेजारी फिट्झजेराल्ड यांचा निबंध उघडा होता.

व्हिगर चाचणीत निष्क्रिय, म्हणजे औषधच नसलेल्या, गोळीचा गट नव्हता, म्हणून वाद मिटेना. ऑगस्ट २००१ मध्ये देबब्रत मुखर्जी, स्टीव्हन निसन आणि एरिक टोपॉल यांनी उपलब्ध चाचण्या एकत्र तपासून इशारा दिला. सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने, म्हणजे एफडीएने, हृदयाचा धोका कमी लेखून प्रचार केल्याबद्दल मर्कला ताकीद दिली. औषधासोबतच्या माहितीपत्रकात हृदयाचा उल्लेख यायला एप्रिल २००२ उजाडले. तोवर टीव्हीवर जाहिराती धडाक्यात चालू होत्या.

शेवटी निकाल लागला तो वेगळ्याच वाटेने. मोठ्या आतड्यातल्या गाठींमध्ये कॉक्स-२ वाढलेले असते, म्हणून ते बंद करून गाठी पुन्हा येणे रोखता येईल का हे पाहण्यासाठी मर्कने ‘ॲप्रूव्ह’ ही चाचणी घेतली होती. २,५८६ माणसे, रोज २५ मिलिग्रॅम, आणि समोर निष्क्रिय गोळी. इथे नॅप्रॉक्सेनच नव्हते. गुठळीमुळे होणाऱ्या घटना ४६ विरुद्ध २६ भरल्या, म्हणजे धोका जवळजवळ दुप्पट. चाचणी थांबली आणि औषध मागे घेतले गेले. एफडीएतल्याच डेव्हिड ग्रॅहम यांनी नोव्हेंबर २००४ मध्ये सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. त्यांच्या गटाच्या अंदाजानुसार या औषधाने अमेरिकेत ८८,००० ते १,४०,००० लोकांना हृदयाचा जास्तीचा गंभीर आजार झाला होता. २००७ मध्ये मर्कने ४.८५ अब्ज डॉलर देऊन बहुतेक खटले मिटवले.

बाकीच्या गोळ्यांचे काय

भारतात रोफेकॉक्सिबवर डिसेंबर २००४ मध्ये बंदी आली. प्रकरण संपले असे मानून लोक पुढे गेले. पण बंदी रेणूवर येते. विकर तेच राहते, आणि ते बंद करणाऱ्या दुसऱ्या गोळ्या मेडिकलच्या फळीवर राहतात.

एटोरिकॉक्सिबचे उदाहरण पाहा. वर दिलेल्या २००१ च्या तुलनेत त्याचे गुणोत्तर १०६ आहे, रोफेकॉक्सिबच्या तिप्पट. अमेरिकेत २००७ मध्ये सल्लागार समितीने २० विरुद्ध १ मतांनी ते नाकारले आणि एफडीएने परवानगी दिली नाही. युरोपात ते चालते, पण हृदयविकार असलेल्याला किंवा रक्तदाब आटोक्यात नसलेल्याला द्यायचे नाही या अटीवर. आपल्याकडे गुडघेदुखी, कंबरदुखी, दाढ काढल्यानंतरचे दुखणे अशा सगळ्यांसाठी ते सर्रास लिहून दिले जाते. त्याच्या बाजूने मोठा आधार दाखवतात तो ‘मेडल’ या ३४,००० हून जास्त रुग्णांच्या चाचण्यांचा. गुठळीच्या घटना दोन्ही गटांत सारख्या निघाल्या, हे खरे. पण समोर उभे केले होते डायक्लोफिनॅक.

आणि डायक्लोफिनॅक काही निरुपद्रवी नाही. त्याचे गुणोत्तर ३ आहे, सेलेकॉक्सिबच्या फार दूर नाही. २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये शेकडो चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण आले. १,००० रुग्णांना वर्षभर कॉक्सिब (कॉक्स-२ निवडून रोखणारे औषध) किंवा पूर्ण मात्रेत डायक्लोफिनॅक दिले तर तिघांना जास्तीचा झटका, पक्षाघात किंवा तत्सम गंभीर घटना, त्यांतली एक जीवघेणी. मोठ्या मात्रेतल्या आयब्युप्रोफेननेही हृदयाचा धोका वाढताना दिसला. नॅप्रॉक्सेनने तो वाढवला नाही, पोटाला मात्र त्रास दिला. म्हणजे व्हिगरमध्ये रोफेकॉक्सिबसमोर नॅप्रॉक्सेन आले म्हणून त्याचा दोष उघडा पडला, आणि एटोरिकॉक्सिबसमोर डायक्लोफिनॅक आले म्हणून तो झाकला गेला. कोणत्याही औषधाला ‘हृदयासाठी सुरक्षित’ म्हटलेले वाचले, की मी आधी ते कोणाच्या तुलनेत हे शोधते.

सेलेकॉक्सिबची बाजूही मांडायला हवी. २०१६ च्या ‘प्रिसिजन’ चाचणीत २४,००० हून जास्त रुग्णांत ते नॅप्रॉक्सेन आणि आयब्युप्रोफेनपेक्षा हृदयाला वाईट ठरले नाही. मात्र तिथली सरासरी मात्रा रोज २०० मिलिग्रॅमच्या आसपास होती. मात्रा वाढवली की हिशेब बदलतो.

आणखी एक गोष्ट घरोघर उपयोगी पडेल अशी. आयब्युप्रोफेन प्लेटलेटच्या कॉक्स-१ मध्ये काही तास बसून राहते. त्याच वेळी हृदयासाठीची ॲस्पिरिनची गोळी पोटात गेली, तर तिला सेरिनपर्यंत पोचता येत नाही, आणि रक्तात ती टिकतेही थोडाच वेळ. आयब्युप्रोफेन बाजूला होईपर्यंत ॲस्पिरिन निघून गेलेले असते आणि त्या दिवशीचे संरक्षण बुडते. साध्या, आवरण नसलेल्या ॲस्पिरिनसाठी एफडीएचा सल्ला असा, की आयब्युप्रोफेन ॲस्पिरिननंतर किमान अर्ध्या तासाने घ्यावे किंवा त्याच्या आठ तास आधी. आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाच्या गोळीला हे वेळापत्रक लागू होत नाही.

पॅरासिटामॉल या सगळ्यांत वेगळे. तेही कॉक्सलाच रोखते, पण जिथे पेरॉक्साइड जास्त असतात, म्हणजे सुजलेल्या जागी आणि प्लेटलेटमध्ये, तिथे त्याचा प्रभाव पडत नाही. मेंदूत ते कमी असतात. म्हणून ते ताप उतरवते, साधे दुखणे कमी करते, सूज मात्र जवळपास तशीच ठेवते. त्याची मर्यादा यकृताची आहे, आणि तो वेगळा विषय आहे.

आई-वडिलांपैकी कुणाची अँजिओप्लास्टी झाली असेल, बायपास झाली असेल किंवा रक्तदाबाच्या दोन-दोन गोळ्या चालू असतील आणि गुडघ्यासाठी कुणी नवी गोळी लिहून दिली, तर पाकिटावरचे मोठ्या अक्षरांतले नाव सोडून खालची बारीक ओळ वाचावी. तिथे एटोरिकॉक्सिब, डायक्लोफिनॅक किंवा त्याच्याच जातीचे ॲसिक्लोफिनॅक असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना ते पाकीट दाखवावे आणि किती दिवस घ्यायची हे लिहून मागावे. पोट जपायला सोबत दिलेली ॲसिडिटीची गोळी जठराचे रक्षण करते. धमनीतल्या कॉक्स-२ शी तिचा काही संबंध येत नाही.